कमान आणि कासरा

वऱ्हाडच्या काळ्या मातीने माणसाला कापूस दिला आणि त्याच्या गाड्यांची हाडे खिळखिळी केली. ही दोन्ही कामे तिने एकाच गुणाने केली. पावसाळ्यात पाणी पिऊन ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. ओल धरून ठेवण्याचा हा स्वभाव कपाशीला मानवतो. त्या मातीवर बांधलेल्या रस्त्याला मात्र मानवत नाही. रस्ता खचतो, लाटांसारखा वरखाली होतो, आणि त्याचा हिशेब अखेर चाकांना चुकवावा लागतो.

खामगाव हे कापसाच्या वाहतुकीवर वाढलेले गाव. सुमारे १८२० पासून येथे व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले; १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला; १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. परंतु शेतातून बाजारापर्यंतचे ओझे बंडीनेच वाहिले.

या बंडीला कमान नव्हती. लाकडी आख, भक्कम तुंबा, आरे आणि वर लोखंडी धाव, एवढाच तिचा संसार. बैलाच्या संथ पावलांना यापेक्षा अधिक कशाची गरजही नव्हती. धक्का बसे, पण तो सावकाश बसे. कमानीची गरज ओझ्यामुळे फारशी उत्पन्न होत नाही, ती वेगामुळे होते. याचा दाखला हवा असेल तर विदर्भातील शंकरपटाकडे पाहावे. पटाची छकडी शक्य तितकी हलकी असते, आणि तिचा धुरकरी गुडघे व कंबर सैल ठेवून प्रत्येक उसळी अंगावर झेलतो. तेथे माणूसच कमान असतो, आणि कासऱ्यावरचा त्याचा हात त्या उसळीला आवर घालतो. (या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली होती, महाराष्ट्रात त्या २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला.)

कमान आणि कासरा ही जोडी येथे ध्यानात ठेवावी, कारण मोटारीच्या इतिहासात ती जुळायला फार काळ लागला. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये सांगून ठेवले होते की, कमान जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात ती उलट जोर करते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील बग्ग्यांना पोलादी पाट्यांच्या कमानी सर्रास लागल्या. आपल्याकडचा टांगाही त्याच कुळातला. परंतु कमान धक्का नाहीसा करीत नाही. ती तो उसना घेते आणि क्षणभराने परत करते. एकावर एक रचलेले पाटे परस्परांवर घासत असल्याने थोडी उसळी जिरे, आणि घोड्याच्या वेगाला तेवढे पुरे होई. मोटार आली आणि ते पुरेनासे झाले. चाक खड्ड्यातून बाहेर आल्यावर गाडी नाचतच राही, आणि पुढच्या वळणावर चाक जमिनीला टेकलेले असेलच याची खात्री नसे.

हा प्रश्न प्रथम शर्यतवाल्यांना जाचला. १९०१-०२ च्या सुमारास फ्रान्समधील मॉर्स कंपनीच्या गाड्यांवर ही उसळी आवरण्याचे उपाय झाले. ट्रुफो या फ्रेंच संशोधकाच्या कल्पनेवरून अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने चकत्यांच्या घर्षणाचे साधन बाजारात आणले. पुढे मॉरिस हुदाय याने घर्षणाऐवजी तेल वापरले. अरुंद वाटेतून तेल ढकलले की ते विरोध करते, तापते, आणि उसळीची शक्ती उष्णता होऊन हवेत विरते. १९२७ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए गाडीला अशी तेलाची साधने बसली आणि शर्यतीतील शहाणपण सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात आले.

या साधनाला आपण ‘शॉक ॲब्सॉर्बर’ म्हणतो. गॅरेजात त्याचा ‘शॉकअप’ होतो. नाव मात्र फसवे आहे. धक्का झेलते ती कमान. हे नळकांडे कमानीची उसळी आवरते. ते कासऱ्याचे काम करते.

१९३४ च्या मोसमात जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढची दोन चाके परस्परांपासून स्वतंत्र अशी मिळाली. त्यामागे मॉरिस ओले या इंग्रज अभियंत्याची खटपट होती. पुढच्या कमानी मागच्यांहून नरम असाव्यात, म्हणजे गाडी डोलत नाही, हे त्याने प्रयोगांनी दाखविले. कडक तेवढे चांगले, या समजुतीला तेव्हाच तडा गेला होता.

आपल्याकडे १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० बांधली. तिला पुढे गुंडाळीच्या कमानी आणि मागे पाटे होते. १९६१ मध्ये गेब्रिएल इंडिया ही कंपनी निघाली आणि मुलुंडला शॉक ॲब्सॉर्बर बनू लागले. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोक याच फियाट गाड्या सुधारून शर्यतीत उतरवीत. परदेशी सुटे भाग दुर्मीळ होते. म्हणून जे आहे ते नीट ठेवणे, हीच पहिली सुधारणा होती.

हा धडा आज पुन्हा आठवण्याचे कारण आहे. खामगाववरून जाणारा जुना ६ क्रमांकाचा महामार्ग आता ५३ क्रमांकाचा झाला आहे. त्याच मार्गावर अमरावती ते अकोला या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून विक्रम झाला. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून समृद्धी महामार्ग गेला. वेग दाराशी आला आहे, आणि तरुणांना गाडी नुसती चालविण्याऐवजी वेगात सांभाळण्याची विद्या हवीशी वाटते. इच्छा चांगली आहे. पण जुनी गाडी घेऊन शिकू पाहणारा बहुधा पहिल्याच पायरीवर घसरतो; तो कडक आणि आखूड कमानी घालून गाडी खाली बसवितो, आणि झिजलेले शॉकअप तसेच ठेवतो. म्हणजे उसळी वाढविली आणि कासरा सोडून दिला!

कडक कमानीने गाडी वळणावर कमी कलते, हे खरे. परंतु वळताना एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूच्या चाकांवर जे वजन सरकते, ते मुख्यतः गाडीचे वजन, त्याची उंची, चाकांतील अंतर आणि वळण्याचा जोर यांवर ठरते. कमान ते थांबवीत नाही. त्याची पुढच्या-मागच्या चाकांतील वाटणी तेवढी बदलते. आणि काळ्या मातीवरच्या लाटाळ रस्त्यावर फार कडक कमान चाकाला जमीन सोडायला लावते. जमीन सुटली की ब्रेकही सुटला आणि वळणही सुटले.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी टायर आणि त्यांतील हवा. मग रबरी बुश आणि बॉल जॉइंट. मग चारही शॉकअप, निदान एका आखावरचे दोन्ही एकदम. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट. गाडीचा कोपरा दाबून सोडला असता ती वर येऊन स्थिरावली पाहिजे, डोलत राहता कामा नये, ही मिस्त्र्यांची जुनी परीक्षा ढोबळ असली तरी उपयोगी आहे. गाडी मूळ स्थितीला आल्यावरच कमानीचा विचार करावा, आणि एका वेळी एकच बदल करावा; नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

यात पैशांपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. शॉकअप एका दिवसात मरत नाही. तो इतका हळूहळू झिजतो की चालकाचा हात नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. गाडी उशिरा वळते, म्हणून तो स्टीअरिंग जास्त फिरवितो. ती डोलते, म्हणून पुन्हा उलटे फिरवितो. अशा गाडीवर शिकलेला हात खोटे धडे पाठ करतो, आणि वेग वाढला की तेच त्याच्यावर उलटतात. खरे शिक्षण संथ असते: ब्रेक सरळ रेषेत लावणे, तो हळूच सोडणे, नजर वळणाच्या पलीकडे ठेवणे, वजन कोठे सरकले ते बैठकीतून ओळखणे. त्याची जागा बंदिस्त मार्गावर आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून आणि कोइंबतूरला २००३ पासून असे मार्ग आहेत. महामार्ग ही तालीम नव्हे. तेथे दुसऱ्याचे मूल रस्ता ओलांडीत असते.

पटावरचा धुरकरी प्रथम बैल ओळखतो, मग त्यांना मोकळे सोडतो. आपल्या मोटारीलाही तोच न्याय लावावा. वेग देणारी वस्तू विकत मिळते; वेग आवरणारी नीट आहे की नाही, हे स्वतःच वाकून पाहावे लागते.