वैमानिक हाही कामगारच

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाताना टोकावडे लागते. मुरबाडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कित्येकजण या पट्ट्यातले, म्हणून संघटनेच्या कामासाठी आमचे तेथे बरीच वर्षे जाणे-येणे आहे. डिसेंबर 2025 मध्ये एका सभासदाच्या ओटीवर चहा घेत बसलो होतो. आत दूरदर्शन संच चालू होता. इंडिगो कंपनीची विमाने रद्द झाली होती आणि विमानतळांवर माणसे सामानावर डोके ठेवून झोपलेली दाखवीत होते. घरातला बारावीचा मुलगा ते पाहत म्हणाला, "मला पायलट व्हायचंय." आम्ही हसलो. बाप मात्र हसला नाही. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. हे आपल्यासारख्याचं काम आहे का, ते सांगा. सव्वा एकर आहे. गहाण टाकावी का?"

आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. विमानात आम्ही आयुष्यात दोनदा बसलो, तेही दिल्लीच्या मोर्चाहून परत येताना दुसऱ्याच्या खर्चाने. तेव्हा या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर देण्याचे धाडस आम्ही केले नाही. चार महिने मिळेल ते वाचले. आज आपल्यापुढे ठेवतो आहोत ते त्या बापाला द्यावयाचे उत्तर आहे, असे श्रोत्यांनी समजावे.

आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतोच. त्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवले, अशी ती कथा. तिला खात्रीचा समकालीन पुरावा नाही. शिवाय त्या विमानात माणूस बसला नव्हता, असे कथाच सांगते. तेव्हा वैमानिकाच्या इतिहासात तिला जागा देता येत नाही.

वैमानिकाचा इतिहास आपल्याकडे 10 फेब्रुवारी 1929 ला सुरू होतो, असे म्हणावयास हरकत नाही. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. त्यावर आकडा होता 1. आम्हांला या तारखेशेजारी दुसरी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. याच मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा थोरला संप ऑक्टोबर 1928 मध्ये मिटला होता. त्याला तेव्हा चार महिनेच झाले होते. तो संप कशासाठी होता? दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत आणि माणसे कमी करावीत, असे मालकांचे म्हणणे होते म्हणून. ही तीन मागांची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ जातीच्या लहानशा विमानाने निघाले आणि अहमदाबादेस उतरून जुहूस आले. पुढे बेल्लारीवरून मद्रासपर्यंत ते विमान नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. खाली रूळ, नदी, डोंगर पाहत जावयाचे. पावसाळ्यात जुहूची पट्टी चिखलात जाई, मग सारा कारभार पुण्यास हलवीत. त्या काळी वैमानिक होणे ही श्रीमंताची हौस किंवा साहेबाची नोकरी होती. फ्लाइंग क्लबात तासाला पैसे मोजून उड्डाण शिकावयाचे, ते मोजणार कोण? शेतकऱ्याची जमीन मात्र विमानाला तेव्हाही लागे. कल्याणजवळ नेवाळीस दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी शेते घेतली गेली आणि त्यांच्या परतीसाठी त्या गावांतील लोक जून 2017 मध्येही रस्त्यावर उतरले होते. असो. तो स्वतंत्र विषय आहे.

1953 साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे राहिली. येथून पुढे वैमानिक हा पगारपत्रकावरचा माणूस झाला. त्याची श्रेणी ठरली, संघटना झाली, मागण्या आल्या. आमच्या दृष्टीने त्याचा खरा इतिहास हा आहे.

या नोकरीत माणूस काय करतो ते समजावयाचे तर 'काश्मीर प्रिन्सेस'ची हकीकत वाचावी. बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांची परिषद भरणार होती. तिला जाणाऱ्या मंडळींसाठी चीन सरकारने एअर इंडियाचे हे कॉन्स्टेलेशन विमान भाड्याने घेतले. 11 एप्रिल 1955 रोजी ते हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. कप्तान होते डी. के. जटार. पंतप्रधान चौ एन-लाय या विमानाने जातील अशी समजूत होती, पण ते त्यात नव्हते. कोणीतरी चाकाच्या कप्प्यात कालस्फोटक ठेवले होते. समुद्रावर सुमारे 18,000 फुटांवर ते फुटले आणि उजव्या पंखाला आग लागली. जटारांनी त्या बाजूचे एक इंजिन बंद केले, आपण कोठे आहोत ते बिनतारी संदेशाने कळवले आणि धुराने भरलेले विमान पाण्यावर उतरवण्यासाठी खाली आणले. हवाई सेविका ग्लोरिया बेरी प्रवाशांना तरंगण्याची जाकिटे वाटीत होत्या. 19 माणसांपैकी 16 गेली, त्यांत जटार आणि बेरीही होत्या. वाचले ते तिघेही कर्मचारी: सहवैमानिक दीक्षित, दिशादर्शक पाठक आणि देखभालीचे अभियंते अनंत कर्णिक. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिले. या कर्मचाऱ्यांचा अशोकचक्राने गौरव झाला.

आम्ही ही हकीकत दोनदा वाचली. पहिल्यांदा शौर्यासाठी. दुसऱ्यांदा वाचताना माणसे मोजली. कप्तान, सहवैमानिक, दिशादर्शक, अभियंता, सेविका. आणि ज्याच्यावर स्फोटक ठेवल्याचा संशय आला तो हाँगकाँगच्या विमानतळावरील सफाईचे काम करणारा माणूस, जो नंतर तैवानला पळून गेला. म्हणजे विमान एकटा वैमानिक चालवीत नाही. गिरणीच्या खात्यासारखे ते अनेक हातांवर चालते आणि त्यांतला एक हात पैशाने फिरला तर सगळे खाते जळते.

पुढच्या तीसएक वर्षांत या यादीतून माणसे गळत गेली. आधी बिनतारीवाला गेला, मग दिशादर्शक गेला, शेवटी चालत्या विमानातला अभियंता गेला. त्यांची कामे यंत्रांनी घेतली. यंत्रे चांगली आहेत, त्यांनी अपघात कमी केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु यंत्रांवर नजर ठेवण्याचे काम उरलेल्या दोघांकडे आले. 1928 च्या विणकराला आम्ही हे सांगितले असते तर तो म्हणाला असता, "म्हणजे तीन माग."

आता टोकावड्याच्या अगदी जवळची गोष्ट. 7 जुलै 1962 च्या मध्यरात्रीनंतर अलिटालिया या इटालियन कंपनीचे डीसी-8 जातीचे जेट विमान बँकॉकहून मुंबईस येत होते. सिडनीहून निघून रोमला जाणारी ती लांबची फेरी होती. आपण मुंबईच्या जवळ पोहोचलो असे समजून वैमानिकाने विमान खाली आणावयास सुरुवात केली. वस्तुतः मुंबई अजून 80 किलोमीटरांहून अधिक दूर होती आणि खाली सह्याद्री होता. जुन्नरच्या बाजूच्या दवंड्याच्या डोंगरावर ते आदळले. 94 माणसे होती, एकही वाचले नाही. चौकशीत निघाले ते असे: स्थान ठरवण्यात चूक झाली, ते ताडून पाहण्याची साधने होती पण त्यांचा उपयोग केला गेला नाही, ठरवून दिलेल्या किमान उंचीच्या खाली विमान आणले गेले आणि वैमानिकाला या मुलखाची माहिती नव्हती. टोकावड्याच्या कोणत्याही म्हाताऱ्याने त्याला सांगितले असते की पूर्वेकडून येताना आमच्या डोक्यावर आधी घाटाची भिंत आहे. आषाढात ती ढगांत बुडते आणि दिवसाही दिसत नाही. आम्ही त्या मुलाला घेऊन ओटीवरून घाटाची कड पाहिली. 'किमान सुरक्षित उंची' हा शब्द त्याला पुस्तकापेक्षा तेथे लवकर समजला, असे आम्हांस वाटते.

स्त्रियांना या खोलीत शिरावयास आणखी वेळ लागला. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी 1985 साली कलकत्ता-सिल्चर मार्गावर फोकर विमान नेले, तेव्हा त्या कप्तान होत्या आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. दोघीही स्त्रिया असलेले ते आपल्याकडचे पहिले उड्डाण. आज भारतात स्त्री-वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. टोकावड्यातल्या मुलींच्या बापांनीही हे ऐकून ठेवावे.

1994 साली सरकारी मक्तेदारीचा कायदा गेला, खासगी कंपन्या वाढल्या आणि वैमानिकाचे पगार डोळे दिपवणारे झाले. त्याबरोबरच, "एवढा पगार घेणारा कसला कामगार?" हा प्रश्न आला. कायद्याने तो कामगार की व्यवस्थापनातला, यावर न्यायालयांतही वाद झाले. आमचे मत विचाराल तर ज्याला आपली पाळी स्वतः ठरवता येत नाही तो कामगार, मग खिशात काही असो. सप्टेंबर 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना काढली, तेव्हा काहींना कामावरून कमी केले गेले आणि शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. एप्रिल 2019 मध्ये तीच कंपनी बंद पडली, तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. सोनेरी पट्ट्यांचा कोट घातलेली माणसे थकलेल्या पगारासाठी फलक घेऊन उभी राहिलेली तेव्हा सर्वांनी पाहिली. गिरणगावात असे कोट नव्हते, फलक मात्र तेच होते.

पगारापेक्षा मोठी गोष्ट झोपेची आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. 166 पैकी 158 माणसे मरण पावली. विमानातील ध्वनिमुद्रण चौकशीत ऐकले तेव्हा कप्तानाच्या घोरण्याचा आवाज त्यात होता. दोन तासांच्या मुद्रणात दीड तासाहून अधिक वेळ तो झोपला होता. जागा झाला तो अर्धवट जागा झाला. विमान फार उंचावरून येत होते. सहवैमानिकाने 'उतरू नका, परत वर घ्या' असे एकदा नव्हे, तीनदा सुचवले. कप्तानाने ऐकले नाही. रात्रपाळी केलेल्या कोणालाही पहाटे चार-पाचची ती गुंगी ठाऊक आहे. आमच्याकडे त्या वेळी प्रेसखाली बोटे जातात.

ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा भरवून, अर्ज करून मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मागितली आणि 1890 साली ती मिळाली. वैमानिकाला सलग किती तासांची साप्ताहिक विश्रांती मिळावी, हा वाद त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात चालू होता. जानेवारी 2024 मध्ये नागरी विमान खात्याने नवे नियम काढले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली आणि रात्रीच्या उतरण्यांची मर्यादा सहांवरून दोनांवर आली. कंपन्यांनी मुदत मागितली, वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, तेव्हा कोठे 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले. दुसरा टप्पा लागू होऊन महिना झाला आणि इंडिगोकडे पाळ्या भरावयास वैमानिक पुरेनात. हजारो उड्डाणे रद्द झाली. खात्याने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. टोकावड्याच्या ओटीवरून आम्ही पाहत होतो ते चित्र हे होते. वर्तमानपत्रांत 'वैमानिकांच्या विश्रांतीमुळे प्रवाशांचे हाल' असा सूर निघाला. वास्तविक जवळजवळ दोन वर्षांची सूचना असून माणसे भरली नाहीत, हे त्या हालांचे कारण होते. साप्ताहिक सुट्टी दिली तर गिरणी बुडेल, असे लोखंड्यांनाही ऐकावे लागले असणार.

आता सव्वा एकराचा हिशेब. व्यापारी वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, वय 18 पूर्ण हवे, 200 तासांचे उड्डाण हवे, हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, नियम, यंत्रज्ञान यांचे लेखी पेपर आणि बिनतारीचा परवाना हवा, आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय पात्रता हवी. कप्तान होण्याचा परवाना 1500 तासांनंतरचा. खर्च 50 लाखांच्या घरात जातो आणि मोठ्या विमानाचे वेगळे शिक्षण धरले तर त्याच्याही पुढे. सरकारी मार्ग थोडे आहेत. उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, तेथे प्रवेश परीक्षा असते. नागपूरचा फ्लाइंग क्लब आहे आणि त्याच्याबरोबर इतर मागास व भटक्या समाजांतील मुलांसाठी महाज्योती संस्थेने वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. जागा मोजक्या. परवाना हाती आला म्हणजे नोकरी आली, असेही नाही. परवाना घेऊन वर्षानुवर्षे घरी बसलेली मुले आहेत आणि त्यांच्या बापांचे हप्ते थांबलेले नाहीत.

म्हणून आम्ही त्या बापाला क्रम सांगितला. जमिनीला हात लावू नये. आधी वैद्यकीय तपासणी करावी, कारण डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला तर सगळेच तेथे थांबते. ती झाली तर फुरसतगंजची परीक्षा द्यावी, योजनांचे अर्ज भरावे, आणि घरी बसून लेखी पेपरांचा अभ्यास सुरू करावा, त्याला विमान लागत नाही. कर्जाचा विचार सगळ्यांत शेवटी. बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे नाही असं म्हणत नाही तुम्ही."

आम्ही नाही म्हटले नाही.

मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला. गणिताचा पेपर बरा गेला आहे. मुलाला घेऊन तो सोमवारी मुंबईस तपासणीला जाणार आहे. रजा मिळाली नाही, म्हणून त्याने एका सोबत्याशी पाळी बदलून घेतली आहे. रविवारची रात्रपाळी करून सकाळी तसाच निघणार.