बॉनेटवरचे नाव

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि तख्त आठवते. आमच्या मोहल्ल्यात गेल्या उन्हाळ्यात इतिहासावरून वाद पेटला तो एका गंजलेल्या जीपमुळे. ही जीप वाडीच्या टोकाला जांभळीखाली कित्येक वर्षे पडून होती. मालकाने ती देऊ केली आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिची दुरुस्ती अंगणातच करायला घेतली. सोबतीला एस.टी.तून निवृत्त झालेले मिस्त्री चाचा होते.

काम सुरू होताच एक खबर मोहल्ल्यात पसरली. ही जीप म्हणे ‘मोहम्मद कंपनी’ची. खबर अगदीच निराधार नव्हती. जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. गुलाम मोहम्मद अलीगढला शिकलेले, हिशेबात तरबेज, निजामाच्या सरकारातही अर्थखाते सांभाळलेले. फाळणी झाली आणि ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्यानंतर मुंबईत माझगावला विलीस जीपचे परदेशातून आलेले सुटे भाग जोडण्याच्या कामाने या कंपनीचे नाव घरोघर पोहोचले.

तरुण मंडळी खूश झाली. रंगकाम झाले की बॉनेटवर ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे ठळक अक्षरांत लिहायचे, असा त्यांचा बेत ठरला. आम्ही म्हणालो, आधी गाडी काय सांगते ते पाहू.

बॉडी खरवडली तेव्हा रंगाचे तीन थर निघाले. पायाखालचा पत्रा चाळणी झाला होता. तो कापून नवा पत्रा वेल्ड केला, त्यावर रेड ऑक्साईड मारले. मग बॉनेट उचलले आणि वादाचा निकाल तिथेच लागला. युद्धकाळातल्या जीपचे बॉनेट बसके असते, कारण तिच्या इंजिनाचे दोन्ही प्रकारचे वाल्व्ह खाली ब्लॉकमध्येच असतात. आमच्या जीपच्या इंजिनात हवा आत घेणारे वाल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये होते. क्षमता तीच, सुमारे २२०० सीसी. पण इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. हे सीजे-३बी मॉडेल. अमेरिकेत ते १९५३ साली आले आणि नंतर आपल्याकडे बनू लागले. म्हणजे ही गाडी जन्मली तेव्हा कंपनीच्या नावातून ‘मोहम्मद’ जाऊन काही वर्षे झाली होती.

मुले हिरमुसली. एकाने विचारले, “सर, लिहिले तर काय बिघडते? आपलेच नाव आहे ना?” या प्रश्नाने आम्हाला अस्वस्थ केले. कारण हेच नाव दुसऱ्या बाजूने आम्ही टोमण्यात ऐकले आहे. ‘तुमचा मोहम्मद तर गेला निघून!’ कोणी त्या नावाचा अभिमान धरतो, कोणी त्यावरून आपल्याला हिणवतो. दोघेही एका माणसाच्या सहीला साऱ्या समाजाची सही समजतात. गुलाम मोहम्मद १९५१ मध्ये पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी तिथली घटना समितीच बरखास्त केली. त्यांच्या कर्तृत्वाचे श्रेय आपल्याला नको, आणि त्यांच्या जाण्याचा जाबही आपण का द्यावा?

चाचांचे या चर्चेकडे लक्ष नव्हते. ते घोड्यांवर चढवलेल्या गाडीखाली ॲक्सलपाशी आडवे झाले होते. या जीपच्या डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसतो, एका बाजूला असतो. तो उघडून क्राऊन-पिनियनचे दात त्यांनी बोटांनी तपासले, ऑइल सील बदलले, पुढच्या चाकांच्या किंगपिनची बेअरिंगे नव्याने बसवली. ब्लॉक बोअर करायला लेथवाल्याकडे गेला होता, त्याचे मापही त्यांनीच सांगितले होते. हे सारे कुठे शिकलात, असे विचारल्यावर म्हणाले, “उस्तादांकडे. आधी दोन वर्षे फक्त पाने धुतले.” त्यांचे उस्ताद मुंबईच्या एका गॅरेजात होते, आणि त्या उस्तादांचे उस्तादही तिथलेच. गुलाम मोहम्मद कराचीला गेले त्या काळातही ही माणसे गॅरेजातच होती. त्यांचे नाव कोणत्याही कंपनीच्या पाटीवर आले नाही, म्हणून त्यांच्या जाण्याराहण्याची नोंदही कोणी घेतली नाही.

जीप ऑगस्टमध्ये सुरू झाली. बॉनेट कोरे ठेवले. मुलांना मात्र आम्ही एक काम दिले आहे. घरातला मिस्त्री, लोहार, खलाशी किंवा दर्जी कोणाकडे शिकला, कुठे राबला, किती मजुरी मिळाली, हे त्याच्याच तोंडून ऐकून वहीत लिहायचे. पहिली वही चाचांच्या नातवाने आणली. आठ पाने भरली आहेत. उस्तादांचे पूर्ण नाव चाचांना आठवत नाही, म्हणून तिथे त्याने जागा रिकामी सोडली आहे. खोटे नाव भरले नाही, याचा आम्हाला आनंद आहे. पण ती जागा कोणीतरी आठवणारा हयात असतानाच भरली पाहिजे.