पावकी ते दशांश : मराठी प्राथमिक अंकगणितातील एक स्थित्यंतर

प्राथमिक शाळेतील अंकगणिताच्या अभ्यासक्रमाचा इतिहास सामान्यतः शिक्षणविषयक समित्या व ठराव यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. परंतु मराठी शाळांपुरते पाहिले असता या विषयातील एक मोठे स्थित्यंतर नाणी व वजनमापे यांच्या कायद्यांनी घडवून आणले, असे दिसते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे शाळेत का होते आणि ते का गेले, याचा विचार केल्यास अभ्यासक्रमातील फेरबदलाचे मोल कसे मोजावे, या प्रश्नावर काही प्रकाश पडतो.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पाठांतरास प्रारंभ होई. पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच व साडेतीन यांचे पाढे येत. त्यांचा आधार व्यवहारात होता. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, खंडीचे वीस मण अशी ती मापे होती. सव्वा रुपया दराने सात शेर मालाची किंमत आणेवारीने काढावयाची तर सात रुपये अठ्ठावीस आणे करून पुन्हा आण्यांचे रुपये करावे लागत. सवायकी येणारा मुलगा ‘पावणेनऊ’ हे उत्तर तत्काळ सांगे. अडीचकीचे महत्त्वही असेच होते. चाळीस शेरांचा सोळावा हिस्सा अडीच शेर. म्हणून मणाचा भाव जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेरांना पडत. पाढा, नाणे आणि वजन यांची ही सांगड लक्षात घेतल्याशिवाय त्या पाठांतराला निरर्थक घोकंपट्टी म्हणणे न्याय्य होणार नाही.

परीक्षेचे स्वरूपही या ज्ञानाशी सुसंगत होते. परवचा मोठ्याने आणि सर्वांसमक्ष म्हटला जाई; अचूकता व वेग हेच त्याचे निकष होते. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज जर्व्हिस यांच्या मराठी गणितग्रंथांनी पाश्चात्त्य लेखी रीती आणल्या आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाल्यावर तपासणी अधिकाऱ्याची परीक्षा रूढ झाली. अनुदानित शाळांच्या बाबतीत काही काळ अनुदानाची रक्कम उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या संख्येवर अवलंबून असे. ज्या प्रश्नांवर शाळेचे उत्पन्न अवलंबून, त्यांकडेच शिक्षकाचे लक्ष लागणार, हे उघड आहे. तरीही अपूर्णांकांचे पाढे टिकले. कारण बाजारातील आणे व शेर टिकले होते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्यानुसार वजनमापांचे दशमानीकरण १९५८ पासून क्रमाने सुरू झाले. मधल्या काळात जुनी व नवी नाणी एकत्र चालत. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत असल्याने रूपांतरात एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस व चार आण्यांस पंचवीस नवे पैसे धरले जात. म्हणजे एकेक आणा तीन वेळा दिल्यास अठरा पैसे, आणि तीन आणे एकदम दिल्यास एकोणीस! आसन्न किमतीचा हा धडा मुलांना दुकानातच मिळाला.

नव्या व्यवस्थेचा लाभ निःसंशय होता. १.२५ ला ७ ने गुणून ८.७५ मिळविण्यास पूर्णांकांच्या गुणाकाराचीच रीत पुरते. निराळा पाढा लागत नाही. पुढे अपूर्णांकांचे पाढे अभ्यासक्रमातून बाहेर पडले ते यामुळेच. तथापि त्यांच्यासमवेत एक क्षमताही क्षीण झाली. सव्वा, दीड, अडीच या राशी एकेका शब्दाने अखंड मनात धरण्याची सवय त्या पाढ्यांनी लावली होती. ‘औट’ हा शब्द तर आता ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारापुरताच उरल्यासारखा आहे.

शब्द आणि अंक यांचा हा संबंध २०१९ मध्ये पुन्हा वादाचा विषय झाला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही संख्यावाचन देण्यात आले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची व संख्यानामांची अडचण हे त्याचे कारण सांगितले. ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना पाच आधी येतो. नवशिक्या मुलाने ७५ लिहावे, यात नवल नाही. विरोधकांना मात्र भाषेची हानी दिसली.

दोन्ही प्रसंगी सोपेपणा आणि संचित यांचा तोल साधावयाचा होता. १९५७ नंतर जे वगळले गेले त्याचा बाजारातील आधार सुटला होता. संख्यानामांचा बोलण्यातील आधार अद्याप कायम आहे. म्हणूनच पहिला बदल निमूटपणे पचला आणि दुसरा पचला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षांना पुन्हा वाट करून दिली. परीक्षेची रीत अशी बदलत राहील. परंतु मुलाला उत्तर येते की त्या उत्तरामागील राशी समजते, हे पाहणारी परीक्षा कोणती, हा प्रश्न परवच्याच्या काळाइतकाच आजही अनुत्तरित आहे.