बरणीतला समुद्र

दिवाळी आली की घराचा कानाकोपरा झाडून निघतो. पाहुणा पणत्यांची आरास पाहतो. झाडणारे हात त्याला दिसत नाहीत. काचेच्या पेटीत समुद्र पाळण्याच्या विद्येचा इतिहासही असाच, न दिसणाऱ्या हातांचा आहे.

१८४६ साली अ‍ॅना थिन या कुलीन इंग्रज बाईंना टॉर्कीच्या किनाऱ्यावर काही जिवंत प्रवाळ मिळाले. त्यांनी ते सुईदोऱ्याने स्पंजावर शिवले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून लंडनला आणले. पण लंडनमध्ये समुद्र कुठला? आणि साठवलेले पाणी तर नासते. तेव्हा ते पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल, अशी युक्ती निघाली. हे काम रोज अर्धा-पाऊण तास घरची मोलकरीण करी. तिला त्यात गंमत वाटे, असे बाई लिहितात. हात कुणाचे भरून येत, हे वाचकांनीच ओळखावे! १८४७ मध्ये बाईंनी पाण्यात सागरी वनस्पतीही सोडल्या. प्रवाळ जगले.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला.

परंतु हवा मिळाली म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नव्हे. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया हे विष तयार होते. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. नायट्रेट व फॉस्फेट साचले की शेतात फुकट खत पडून तण माजावे तसे शेवाळ माजते आणि प्रवाळांना झाकून टाकते.

१९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. गाळणयंत्र नाही, समुद्रातून ताजे आणलेले प्रवाळखडक आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढाच सरंजाम. खरे कारागीर खडकाच्या छिद्रांत होते. वरच्या थरातले जीवाणू नायट्रेट बनवत. आत, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले, त्याचा नायट्रोजन करून हवेत सोडून देत. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी या खडकांना फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढावी, तशी ते यंत्र पाण्यातली घाण कुजण्याआधीच उचलते. फॉस्फेट मात्र वायू होऊन उडून जात नाही. त्यासाठी बेताचे खाणे घालणे आणि अधूनमधून पाणी बदलणे, हाच जुना घरगुती मार्ग.

आज मोलकरणीचे काम विजेचा पंप करतो. पण काचेआडचा तो रंगीत दरबार पाहताना, वाचकहो, खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीची आठवण ठेवावी. पाहुण्याला समुद्र दिसावा म्हणून कुणीतरी रोज पाणी ओतत असते.