परवानगी कोणाची? : नवघर, दारू आणि रात्र

भाईंदर पूर्वेच्या नवघर मार्गावरील एखाद्या उपाहारगृहाच्या मालकाला जेवणाबरोबर बिअर द्यायची आहे आणि रात्री आणखी तासभर व्यवसाय चालू ठेवायचा आहे, असे समजू. त्याने परवानगी कोणाकडे मागावी? 'शहराकडे' हे सहज सुचणारे उत्तर महाराष्ट्रात चुकीचे ठरते. मीरा-भाईंदर महानगरपालिका त्याला व्यवसायाचा परवाना देईल, अग्निशमन आणि स्वच्छतेच्या अटी घालील. दारूचा परवाना मात्र राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून येतो. दुकान किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे याची चौकट राज्य शासन अधिसूचनेने ठरवते आणि ती पाळली जाते की नाही ते पोलीस पाहतात. ज्या वस्तीत हे दुकान चालणार, ज्यांच्या खिडक्यांखाली रात्री दीड वाजता रिक्षा थांबणार, त्या वस्तीला या साऱ्या व्यवहारात पहिला प्रश्न कोणी विचारत नाही. ही व्यवस्था अपघाताने निर्माण झालेली नाही. तिला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा आपल्या साहित्याशीही संबंध पोहोचतो.

आज नवघर म्हणजे इमारतींची दाटी असली, तरी हे मूळचे साष्टीच्या उत्तर टोकाकडील एक खेडे. उत्तरेला वसईची खाडी, भोवती मिठागरे आणि भातखाचरे, पश्चिमेला उत्तन-डोंगरीकडे माडांची बने. सोळाव्या शतकापासून १७३९ मधील वसईच्या विजयापर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. त्यानंतर काही दशके मराठ्यांकडे. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली. राज्यकर्ते बदलले तरी मीठ पिकवणारे आगरी आणि माडाचा रस काढणारे भंडारी यांचे व्यवसाय टिकून राहिले. कर तेव्हाही होताच. परंतु ताडी-माडी ही गावातच निघणारी, गावातच विकली जाणारी आणि त्याच दिवशी संपणारी गोष्ट होती. शिळी झाली की ती आंबते. लांबच्या बाजारपेठेचा माल ती कधीच नव्हती. पिणारा कोण, पाजणारा कोण आणि पिऊन गोंधळ घालणारा कोण, हे गावाला नावानिशी ठाऊक असे. गावाचा न्याय नेहमी न्याय्य असे, असे नव्हे. पण निर्णय आणि परिणाम एकाच ठिकाणी राहत होते.

ही स्थिती मोडली ती १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. या कायद्यान्वये मद्य गाळणे, विकणे आणि ताडीसाठी झाड छेदणे हे सारे सरकारी परवान्याच्या कक्षेत आले. ज्या झाडाचा रस काढायचा त्या प्रत्येक झाडावर कर बसला. विखुरलेल्या भट्ट्यांऐवजी थोड्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांमध्ये मद्य गाळले जावे आणि विक्रीचे हक्क मक्त्याने द्यावेत, असे धोरण पुढे आले. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला, आणि जंगलात आपोआप गळणाऱ्या फुलाचा साठा करणेही नियंत्रणाखाली गेले. एक तपशील आवर्जून लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबई इलाख्यात जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही चारही खाती एकाच आयुक्ताच्या हाताखाली होती. म्हणजे भाईंदरच्या मिठागरातले मीठ आणि शेजारच्या माडावरची माडी सरकारच्या लेखी एकाच वहीतल्या दोन नोंदी होत्या. मिठाच्या करावर पुढे देशभर सत्याग्रह झाला. अबकारीविरुद्धही आंदोलने झाली, दारूच्या दुकानांसमोर निदर्शने झाली. पण त्यांतला मुख्य आक्षेप पिण्यावर होता. निर्णयाचा अधिकार गावाकडून गेला, ही गोष्ट फारशी कोणाला खुपली नाही.

ती ज्यांच्या लक्षात आली त्यांत जोतीराव फुले अग्रणी म्हणावे लागतील. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या जुलैमध्ये, म्हणजे अबकारी कायद्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या प्रमुखांना पत्र लिहिले. या पत्राचा उल्लेख सहसा 'फुल्यांचा दारूविरोध' अशा शीर्षकाखाली होतो आणि तिथेच थांबतो. त्यातील युक्तिवाद मात्र नीतीपेक्षा अधिक नागरी स्वरूपाचा आहे. नगरपालिका शहराच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते, आणि त्याच शहरात उघडलेली दुकाने त्या खर्चाचा उद्देशच हाणून पाडतात. तेव्हा होणाऱ्या हानीच्या प्रमाणात या दुकानांवर कर बसावा, अशी त्यांची मांडणी होती. दुकानाचे उत्पन्न एकाकडे जाते आणि नुकसान दुसऱ्याच्या पदरी पडते, ही विसंगती त्यांनी हिशेबाच्या भाषेत मांडली. दुकानांना परवाने देणारे सरकार वेगळे आणि रस्ते झाडणारी, रोगराईला तोंड देणारी नगरपालिका वेगळी, हा आजच्या नवघरचाच पेच त्यांनी पुण्यात ओळखला होता.

मराठी साहित्याने मात्र हा धागा उचलला नाही. दारू म्हटले की आपल्याला आठवते ते राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला'. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्याच फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यात रंगभूमीवर आणले. सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही नावे मराठी घरांत म्हणींसारखी वापरली गेली. या नाटकाचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु त्याने दारूचा प्रश्न कुठे नेऊन ठेवला तेही पाहायला हवे. तो एका बुद्धिमान वकिलाच्या दुखावलेल्या अहंकारात आणि एका पतिव्रतेच्या सोसण्यात सामावला. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात मद्यपी जमतात, तत्त्वज्ञान सांगतात, आपल्याला हसवतात. पण त्या मंडळाच्या दाराबाहेरचा रस्ता नाटकात येत नाही. दुकान कोणी उघडू दिले, मक्ता कोणी घेतला, सरकारला किती मिळाले, हे प्रश्न शोकांतिकेच्या चौकटीत बसणारे नव्हतेच. नाटककाराला याचा दोष देता येणार नाही. मात्र पुढच्या काळात दारूविषयीचे आपले सार्वजनिक बोलणेही त्याच चौकटीत अडकले: पिणारा पापी की दुर्दैवी, एवढाच वाद उरला.

दारूबंदीचे राजकारण याच नैतिक भाषेत उभे राहिले. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. युद्धकाळात ती सैलावली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला आणि १९५० पासून राज्यभर त्याचा अंमल सुरू झाला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाचा त्याला आधार होता. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या, पण त्याचा गाभा वैध ठरवला. हा कायदा आजही अस्तित्वात आहे. बदलले आहे ते नाव, 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले आहे. या सातत्याचा अर्थ सहसा ध्यानात घेतला जात नाही. आपल्या राज्यात मद्यविक्रीचा कायदा नाही. मद्यबंदीचा कायदा आहे, आणि प्रत्येक परवाना हा त्या बंदीला केलेला अपवाद आहे. विक्रेत्यालाच नव्हे, तर पिणाऱ्यालाही कायद्याने परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म परवाना मिळतो, आणि तो न घेता पिणारे लाखो नागरिक तांत्रिकदृष्ट्या गुन्हेगार ठरतात.

'परमिट रूम' हा शब्द त्या काळाचा अवशेष आहे. साठ-सत्तरच्या दशकांत, विशेषतः वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत, बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. तत्पूर्वी प्रकृतीच्या कारणास्तव दारू आवश्यक असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवून परमिट काढावे लागे. ज्यांना ते शक्य नव्हते त्यांच्यासाठी हातभट्टी होती, मुंबईत 'आंटीचे' अड्डे होते. जयवंत दळवींच्या 'चक्र'ने १९६३ मध्ये ज्या झोपडपट्टीचे दर्शन घडवले, तिच्या जगण्यात ही चोरटी दारू मुरलेली आहे. आणि तिथे ती नैतिक अधःपाताचे प्रतीक म्हणून येत नाही, पोटापाण्याच्या धडपडीचा भाग म्हणून येते. इथे मराठी साहित्य गडकऱ्यांच्या दिवाणखान्यातून बाहेर पडले. परवानगीचा प्रश्न मात्र तेव्हाही बाजूलाच राहिला. परमिट रूमची काळी काच, आडपडदा, मंद दिवे यांना आपण बारची अभिरुची समजतो. पण ज्या समाजाने पिणे हा अपवाद मानला, त्याने पिणाऱ्याला आडोसा देणे स्वाभाविकच होते. बंदी सैलावली आणि आडोसा तेवढा राहिला.

दरम्यान खेड्याचे शहर झाले. १२ जून १९८५ रोजी नवघरसह आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली; २८ फेब्रुवारी २००२ रोजी ती महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे येथे आली आणि तळमजल्यावर दुकाने, वर सदनिका अशा इमारती उभ्या राहिल्या. त्याच गाळ्यांत उडुपी उपाहारगृहे आली, आणि त्यांपैकी काहींच्या पाटीवर पुढे 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' ही अक्षरे दिसू लागली. दारू विकणारा आणि झोपू पाहणारा यांच्यात आता फक्त एक स्लॅब असतो. कायदा मात्र शाळा, देवळे आणि रस्ते यांपासूनची अंतरे मोजत राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी त्याची कक्षा आकुंचित झाली. काशिमिऱ्यातून महामार्ग जात असल्याने या शहराला तो प्रश्न परका नव्हता. पण तेथेही मोजपट्टी आडवी होती. वरच्या मजल्यापर्यंतचे उभे अंतर कोणत्याही नियमाने मोजले नाही.

वेळेच्या बाबतीतही असेच घडले. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने व्यवसाय चोवीस तास चालवण्याची मुभा दिली, परंतु परमिट रूम आणि बार यांना रात्री दीडची मर्यादा घातली. जानेवारी २०२० मध्ये 'मुंबई चोवीस तास' ही घोषणा गाजली, तेव्हाही बारची वेळ बदलली नाही. १ ऑक्टोबर २०२५ रोजी शासनाने हॉटेलांसह आस्थापना चोवीस तास उघड्या ठेवता येतील असा खुलासा केला; त्यातही मद्यविक्रीची ठिकाणे वगळली. मधल्या काळात, १ ऑक्टोबर २०२० रोजी, मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीण पोलिसांकडून नव्या पोलीस आयुक्तालयाकडे गेले. प्रत्येक निर्णय मंत्रालयात किंवा पोलीस मुख्यालयात झाला. एखाद्या प्रभागाला अकरा वाजता शांतता हवी असेल आणि शेजारच्या प्रभागाला रात्रीची वर्दळ चालत असेल, तर त्या भेदाला या रचनेत जागाच नाही.

लोकांना काहीच अधिकार नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००८ च्या आदेशानुसार प्रभागातील २५ टक्के स्त्री मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास मतदान होते. 'उभी बाटली' की 'आडवी बाटली' असा कौल घेतला जातो, आणि यादीतील निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवी केली तर दुकाने बंद होतात. मार्च २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील नव्या बिअर व दारू दुकानांसाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचे करण्याची घोषणा विधानसभेत झाली. हे महत्त्वाचे अधिकार आहेत आणि त्यांमागे ग्रामीण स्त्रियांची दीर्घ झुंज आहे. पण त्यांचे स्वरूप पाहा: हो किंवा नाही. 'बिअर चालेल, पण साडेअकरापर्यंत. मागच्या गल्लीत गाड्या नकोत. ध्वनिक्षेपक नको' असे म्हणण्याची सोय त्यात नाही. जिथे अटी घालता येत नाहीत तिथे शेजारी एकतर सारे सोसतो, नाहीतर सारेच बंद पाडायला निघतो.

मालकाची बाजूही याच रचनेतून समजते. जून २०२५ मध्ये शासनाने मद्यावरील शुल्क वाढवले. त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये अधिक मिळण्याची अपेक्षा होती. परमिट रूममधील मूल्यवर्धित कर आणि परवाना शुल्क यांतही वाढ झाली होती. त्याविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बारमालकांनी बंद पाळला. ज्याने परवान्यासाठी वर्षाचे शुल्क आगाऊ भरले आहे, त्याला रात्रीचा एक तास हवाहवासा वाटणारच. आणि परवाना नाकारल्याने वस्ती कोरडी होते, असा भ्रमही नको. जून २०१५ मध्ये येथून फार दूर नसलेल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. परवानगीच्या कक्षेबाहेर राहिलेले पिणे कोणत्या थराला जाते, हे तिथे दिसले.

तेव्हा नवघरच्या उपाहारगृहाचा अर्ज मंजूर व्हावा की नाही, हा प्रश्न मी सोडवत नाही. तो त्या प्रभागाने सोडवायचा आहे. अडचण एवढीच की, प्रभागाला तो सोडवण्याची साधनेच दिलेली नाहीत. शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते. कचरा, गटारे, रहदारी आणि अपुरी झोप स्थानिकांच्या वाट्याला राहते. जोतीरावांनी १८८० मध्ये मागितलेला हानीच्या प्रमाणातील कर आज वेगळ्या शब्दांत मागता येईल: शुल्काचा ठरावीक हिस्सा महापालिकेला, आणि परवान्याच्या वेळा व अटी ठरवताना प्रभाग समितीची जाहीर सुनावणी. 'एकच प्याला' वर्गात शिकवताना सिंधूच्या अश्रूंबरोबर पुणे नगरपालिकेला लिहिलेले ते पत्रही विद्यार्थ्यांसमोर ठेवावे. दारूविषयी मराठीत विचार करण्याचा दुसराही एक रस्ता होता, आणि तो वैयक्तिक पतनापाशी न थांबता शहराच्या जमाखर्चापर्यंत जात होता, हे त्यांना त्यातून कळेल.