परवान्याचे हत्यार (सोलापूर जिल्हा)

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना घेऊन बाळगलेली खाजगी बंदूक, रायफल, रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल. सोलापूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, उर्वरित जिल्ह्यात जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात. अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. वाडवडिलांकडून आलेली बंदूकही या दोनांतच धरली जाते.

जुन्या घरांतून आढळते ती बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक कायद्याला मान्य आहे. एकेकाळी माळरानावर काळविटांची शिकार होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती थांबली आणि १९७९ मध्ये नान्नजचा परिसर माळढोकासाठी अभयारण्य झाला. बंदुकीचा शिकारीशी असलेला संबंध असा तुटला. आता ती स्वसंरक्षणासाठी घेतली जाते आणि तितकीच मानासाठीही, हे मान्य केले पाहिजे. नव्याने घेणाऱ्यांचा ओढा कमरेला लावता येणाऱ्या छोट्या हत्याराकडे असतो. सरकारी कारखान्यांतले .३२ बोअरचे रिव्हॉल्वर कानपूरचे, तर ‘अशनी’ पिस्तूल इशापूरचे. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्वर दागिन्यांच्या डबीसारख्या गडद तांबड्या पेटीतून विकले गेले. विकणाऱ्यालाही ते कुणाला तरी दाखवले जाणार याची कल्पना होती. परदेशी हत्यारांची खाजगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे, त्यामुळे बर्मिंगहॅमच्या ग्रीनर किंवा वेबलीची छाप असलेली जुनी बंदूक घरात असणे ही मोठी मिरवण्याची गोष्ट ठरते.

नवे हत्यार आप्तेष्टांपुढे ठेवण्याचा रूढ दिवस म्हणजे खंडेनवमी. मागवाले मागाची, शेतकरी औजारांची पूजा करतात, तशी परवानाधारक बंदुकीची करतो. आधी काडतुसे काढून वेगळी ठेवतात. दुनळी मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहतात, गजाला चिंधी गुंडाळून तेलाचा हात फिरवतात, मग पाटावर धुतलेल्या वस्त्रावर हत्यार आडवे मांडून झेंडूची फुले वाहतात. जाणते लोक हळदकुंकू दस्त्याच्या लाकडालाच लावतात, कारण ओले कुंकू नळीवर राहिले की लोखंड गंजते. पूजेनंतर पाहुणे ते हातात घेऊन वजन जोखतात. नळी कुणाच्याही रोखाने धरायची नाही, हे अशा घरातल्या मुलालाही ठाऊक असते, आणि ही शिस्त मला या प्रथेतील सर्वांत मोलाची वाटते.

हत्यार आपल्या आवडीने सजवण्याला वाव आहे, पण तो लाकूड, चामडे आणि नक्षीपुरता. दस्त्याला नवे पॉलिश, खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून मागे रबराची गादी, कोरीव मूठ, नक्षीचा पट्टा, चामडी म्यान इथवर हरकत येत नाही. त्यापुढे मात्र कायदा कडक आहे. परवान्याशिवाय नळी आखूड करणे किंवा हत्याराचा प्रकार बदलणे आणि ओळखक्रमांक खोडणे हे गुन्हे आहेत. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. हत्यार खऱ्या अर्थाने अंगाच्या मापाचे करून घेतात ते नेमबाज. गालाचा टेकू, दस्त्याची लांबी, तळहाताप्रमाणे घडवलेली मूठ यांत मिलिमीटरचाही फरक ते सोडत नाहीत. अशा नेमबाजांपैकीच कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले.

परवान्याची ही पद्धत इंग्रजांची. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाचे हत्यार परवान्याला जखडले गेले, त्याची सल खोल होती. मे १९३० मध्ये सोलापुरावर लष्करी कायदा लादला गेला, आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क नोंदवला गेला. संस्थानिकांची गोष्ट निराळी होती. अक्कलकोटच्या भोसले घराण्याचे राजवाड्यातील शस्त्रागार हा जिल्ह्यातला हत्यारांचा सर्वांत प्रसिद्ध खाजगी संग्रह आहे.

चारचौघांत हत्यार मिरवणे मात्र नियमबाह्य आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी ते म्यानातच हवे. ते उगारणे किंवा हवेत बार काढणे मना आहे. वरातीत वा मिरवणुकीत बेदरकार गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही तरतूद उशिरा आली, फार आधी यायला हवी होती. हवेत गेलेली गोळी खाली येतेच आणि ती बार काढणाऱ्याच्याच डोक्यावर पडेल असे नाही.

निवडणुकीच्या काळात छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना हत्यार जमा करावे लागते. निवडणूक उरकल्यावर ते परत मिळते. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही विधानसभा निवडणुकांच्या वेळी खंडेनवमी आचारसंहितेतच आली होती.