स्नायूंचे अंतरंग उलगडणारी ‘मसलएक्स’

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात १९१४ पासून शरीर घडविण्याची परंपरा आहे. दंड आवळताच स्नायू टणक होतो, हे आखाड्यात प्रत्येकाला ठाऊक असते. त्या क्षणी स्नायूच्या आत काय घडते, हे मात्र क्ष-किरणांच्या विवर्तनातून कळते आणि त्यातून निघालेल्या चित्रांचे मोजमाप ‘मसलएक्स’ ही संगणक प्रणाली करते.

स्नायूत मायोसिनचे जाड आणि ऍक्टिनचे बारीक तंतू षटकोनी जाळीत रचलेले असतात. क्ष-किरण त्यातून जाताना विखुरतात व पटलावर ठिपक्यांची आकृती उमटते. मायोसिनची टोके बारीक तंतूंकडे सरकली, की मधल्या दोन प्रमुख ठिपक्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर बदलते. ह्यू हक्सले यांनी केंब्रिज येथे १९५०च्या दशकात या अभ्यासाचा पाया घातला. त्या काळी एका चित्राला कित्येक तास लागत. आज सिंक्रोट्रॉनच्या प्रखर किरणांमुळे ते काही सहस्रांश सेकंदांत मिळते. साहजिकच चित्रे हजारोंनी जमतात आणि ती हाताने मोजणे अशक्य होते.

शिकागोजवळील आरगॉन प्रयोगशाळेतील ‘बायोकॅट’ केंद्रात ‘मसलएक्स’ विकसित झाली. तिचा ‘इक्वेटर’ हा भाग ठिपक्यांमधील अंतर व तीव्रता मोजतो. ‘क्वाड्रंट फोल्डिंग’ चित्राचे चार सममित चतुर्थांश एकत्र करून सरासरी काढतो. चित्राचा मध्यबिंदू चुकला तर पुढील आकडेही चुकतात. म्हणून अभ्यासकाची नजर आवश्यकच ठरते.

भारतीयांसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. हृदयस्नायूतील मायोसिन-बंधक प्रथिनाच्या जनुकात २५ घटकांची एक तूट सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळते आणि तिचा हृदय निकामी होण्याशी संबंध असल्याचे २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ने प्रसिद्ध केले. ही तूट असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. परंतु हे प्रथिन मायोसिनच्या टोकांवर नियंत्रण ठेवते आणि ती टोके कोठे आहेत, हे विवर्तनचित्र सांगते.

वऱ्हाडात सिंक्रोट्रॉन नाही. भारतातील ‘इंडस-२’ इंदूरला आहे. ‘मसलएक्स’ मात्र विनामूल्य असून तिचा स्रोतही खुला आहे. चित्रे दुसरीकडे घेतली, तरी त्यांचे विश्लेषण अमरावती वा अकोल्याच्या महाविद्यालयातील संगणकावर करता येते.